कंपायलर बदलला आणि कॅच ब्लॉक चालेनासा झाला: सी++ मधली एक्सेप्शन्स कशी तपासायची

३० जून २०२४ ला आरएचईएल ७ (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) चा नियमित सपोर्ट संपला आणि वर्षानुवर्षं जीसीसी ४.८ या कंपायलरवर निवांत पडून असलेला बराच सी++ कोड आरएचईएल ८ किंवा ९ वर हलवायची वेळ अनेक टीम्सवर आली. असं काम बहुधा टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. मग चित्र साधारण ठरलेलं असतं. आधी कंपाइल एरर काढण्यात काही दिवस जातात, बिल्ड हिरवा होतो, युनिट टेस्ट पास होतात, आणि खरा लोड टाकला की प्रोसेस ‘अबॉर्टेड, कोअर डम्प्ड’ म्हणून आडवी होते. कोड उघडावा तर एक्सेप्शन (काही बिघडलं की कोड ‘थ्रो’ने वर पाठवतो ती सूचना) पकडणारा ट्राय-कॅच जागच्या जागी आहे, त्याला कोणी हातही लावलेला नाही.

अशा वेळी ‘नवीन कंपायलरमध्येच बग आहे’ हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असतं. एक तर भाषेचा नियम बदललेला असतो आणि जुना कोड त्या नियमात बसत नाही, किंवा प्रोग्रामचे दोन तुकडे वेगवेगळ्या काळातल्या कंपायलरने बनवलेले असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. लक्षणं सारखीच दिसतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे. त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्याआधी आपण कुठल्या बाजूला आहोत ते ठरवायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. उदाहरण म्हणून जीसीसी ४.८ वरून ११ वर, म्हणजे आरएचईएल ७ वरून ९ वर जाणं धरलं आहे. विंडोजवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलं आहे. फ्लॅग, कमांड आणि एरर इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत, टर्मिनलवर ते अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचे.

पायरी १: स्टँडर्ड आणि कंपायलर एकाच वेळी बदलू नका

मेकफाइलमध्ये ‘-एसटीडी’ हा फ्लॅग आहे का ते आधी बघा. जुन्या प्रोजेक्टमध्ये तो बहुधा नसतोच, आणि तिथेच गोची होते. फ्लॅग दिला नाही तर जीसीसी आपलं ठरलेलं स्टँडर्ड वापरतो. ४.८ मध्ये ते जीएनयू++९८ होतं. २०१६ च्या जीसीसी ६ पासून ते जीएनयू++१४ झालं आणि २०२१ च्या जीसीसी ११ पासून जीएनयू++१७. म्हणजे तुम्ही नुसता कंपायलर बदलला असं समजता, पण प्रत्यक्षात भाषेच्या तीन आवृत्त्या एका उडीत ओलांडलेल्या असतात.

म्हणून नव्या कंपायलरवर पहिला बिल्ड ‘-एसटीडी=जीएनयू++९८’ देऊन करा. जुन्या मेकफाइलमध्ये दुसरं काही लिहिलं असेल तर ते तसंच ठेवा. क्लीन बिल्ड हवा. जुन्या ऑब्जेक्ट फाइल मागे राहिल्या तर या चाचणीला काही अर्थ उरत नाही. आता तोच क्रॅश पुन्हा घडवून बघा. क्रॅश गायब झाला तर प्रश्न भाषेच्या नियमाचा आहे, पायरी ४ आणि ५ तुमच्यासाठी. क्रॅश तसाच राहिला तर लायब्ररी आणि लिंकिंगकडे वळा, म्हणजे पायरी ६ आणि ७.

हा फ्लॅग फक्त निदानासाठी आहे. तो मेकफाइलमध्ये कायमचा ठेवून ‘अपग्रेड झालं’ असं कळवणारे लोक असतात, आणि पुढचं दुखणं त्यांच्यानंतर येणाऱ्याच्या वाट्याला येतं.

पायरी २: मरताना प्रोग्राम काय म्हणाला ते नीट वाचा

‘टर्मिनेट कॉल्ड आफ्टर थ्रोइंग ॲन इन्स्टन्स ऑफ…’ आणि पुढे क्लासचं नाव, असं आलं तर एक्सेप्शन थ्रो झालं पण पकडलं गेलं नाही, किंवा पकडणाऱ्यापर्यंत पोचूच दिलं गेलं नाही. या दोन्हींतला फरक पुढच्या पायरीत कळेल.

‘टर्मिनेट कॉल्ड विदाउट ॲन ॲक्टिव्ह एक्सेप्शन’ हा मेसेज बऱ्याच जणांना फसवतो. इथे एक्सेप्शन नाहीच. एखादा एसटीडी::थ्रेड जॉइन किंवा डिटॅच न करता नष्ट झाला असेल, किंवा कोणीतरी पकडलेलं काही हातात नसताना नुसतं ‘थ्रो;’ लिहिलं असेल. थ्रेडचा कोड आधी बघा, कॅच ब्लॉकच्या मागे लागू नका.

‘व्हर्जन जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.२९ नॉट फाउंड’ आलं तर प्रोग्राम सुरूच झालेला नाही. हा डिप्लॉयमेंटचा प्रश्न आहे, पायरी ७ वर जा.

चौथा प्रकार सगळ्यात त्रासाचा, कारण त्यात मेसेजच नसतो. नेमका कॅच ब्लॉक वगळला जातो आणि खालचा ‘कॅच ऑल’ (कुठलंही एक्सेप्शन पकडणारा कॅच) ते एक्सेप्शन गिळून टाकतो. लॉगमध्ये फक्त ‘अननोन एरर’ दिसते. ओळखीचा प्रकार अनोळखी का झाला, हा प्रश्न पायरी ६ चा.

पायरी ३: थ्रो कुठून झालं आणि अडलं कुठे

जीडीबी या डीबगरमध्ये प्रोग्राम उघडा, ‘कॅच थ्रो’ द्या, मग ‘रन’. प्रत्येक थ्रोला प्रोग्राम थांबेल. ‘बीटी’ देऊन बॅकट्रेस काढा आणि थ्रोच्या जागेपासून, जिथे पकडलं जायला हवं होतं त्या फंक्शनपर्यंतची प्रत्येक फ्रेम वाचत जा. नावाआधी टिल्डचं चिन्ह असलेली फ्रेम, म्हणजे डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालणारं फंक्शन), मध्ये दिसला तर तिथे पेन्सिलने खूण करा.

हाताशी फक्त कोअर डंप (प्रोसेस मरतानाच्या मेमरीची प्रत) असेल तरी बरंच कळतं. बॅकट्रेसमध्ये ‘__सीएक्सए_थ्रो’ नंतर लगेच ‘एसटीडी::टर्मिनेट’ आणि मग ‘अबॉर्ट’ असेल, तर वरपर्यंत कोणी पकडणारंच सापडलं नाही. जीसीसी आधी नुसता शोध घेतो, हँडलर (जुळणारा कॅच) सापडला तरच स्टॅक उलगडायला, म्हणजे मधली फंक्शन्स एकेक करून सोडायला घेतो. त्यामुळे या प्रकारात स्टॅक शाबूत मिळतो. पण मध्ये ‘__जीएक्सएक्स_पर्सनॅलिटी_व्ही०’ आणि ‘__सीएक्सए_कॉल_टर्मिनेट’ ही नावं दिसली, तर एक्सेप्शन वाटेत नोएक्सेप्टच्या (‘या फंक्शनमधून एक्सेप्शन बाहेर जाणार नाही’ असं सांगणारी खूण) भिंतीला धडकलं आहे. कॅच ब्लॉक असेलही, पण तो भिंतीच्या पलीकडे. आणि इथे एक गंमत आहे. भिंतीपर्यंतच्या फ्रेम्स जीसीसी उलगडायला घेतो, मधल्या ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर चालवतो, आणि त्यात मूळ थ्रोची जागा कोअरमधून पुसली जाऊ शकते. बॅकट्रेसमध्ये ‘_अनवाइंड_रिझ्यूम’ दिसलं तर असंच झालंय असं समजा आणि ‘कॅच थ्रो’ लावून पुन्हा चालवा.

पायरी ४: थ्रो करणारे डिस्ट्रक्टर

जुन्या कोडमध्ये सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच, म्हणून इथे जरा थांबू.

सी++११ पासून प्रत्येक डिस्ट्रक्टर, तुम्ही काही लिहिलं नाही तरी, नोएक्सेप्ट धरला जातो. (मेंबरचा किंवा बेस क्लासचा डिस्ट्रक्टर तसा नसेल तर अपवाद.) त्यातून एक्सेप्शन बाहेर पडलं की थेट टर्मिनेट. सी++९८ मध्ये असं नव्हतं. डिस्ट्रक्टरमधून केलेलं थ्रो बाहेरच्या कॅचपर्यंत व्यवस्थित पोचायचं. तेव्हाही हे सुरक्षित नव्हतंच. आधीच एक एक्सेप्शन हवेत असताना डिस्ट्रक्टरने दुसरं बाहेर सोडलं की तेव्हाही टर्मिनेटच व्हायचं. पण रोजच्या वाटेवर ते चालून जायचं आणि कोणाच्या लक्षात यायचं नाही.

नमुना बघा. ‘रिपोर्टरायटर’ नावाचा क्लास आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये फाइल उघडतो, डिस्ट्रक्टरमध्ये ‘फ्लश’ नावाचं स्वतःचं फंक्शन कॉल करतो. डिस्क भरलेली असली तर फ्लश रनटाइम_एरर थ्रो करतं. मेनमध्ये ते पकडून ‘रिपोर्ट लिहिता आला नाही’ असा लॉग टाकलेला आहे. जीसीसी ४.८ वर हे वर्षानुवर्षं चाललं. जीसीसी ११ वर डिस्क भरेपर्यंत चालतं, आणि भरली की आख्खी प्रोसेस जाते. टेस्टमध्ये डिस्क भरत नाही, म्हणून टेस्ट पास.

जीसीसी ६ पासून ‘-डब्ल्यूटर्मिनेट’ नावाची वॉर्निंग आहे आणि ती आपोआप चालू असते. पण ‘थ्रो’ हा शब्द प्रत्यक्ष डिस्ट्रक्टरच्या अंगात असेल तरच ती येते. वरच्या नमुन्यात थ्रो आत कॉल केलेल्या फ्लशमध्ये आहे, त्यामुळे कंपायलर गप्प राहतो. म्हणजे वॉर्निंग नाही यावर विसंबायचं नाही. डिस्ट्रक्टर शोधून त्यांत कोण कोण कॉल होतंय ते डोळ्यांनी वाचायला लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण मोठ्या प्रोजेक्टमध्येही थ्रो करू शकतील असे डिस्ट्रक्टर मोजकेच निघतात: फाइल, डेटाबेस ट्रान्झॅक्शन, सॉकेट आणि लॉक सांभाळणारे क्लास आधी घ्या.

उपाय दोन. तातडीचा उपाय म्हणजे डिस्ट्रक्टरवर ‘नोएक्सेप्ट(फॉल्स)’ लिहिणं. जुनी वागणूक परत येते, पण पूर्ण नाही. तो ऑब्जेक्ट युनिक_पीटीआर किंवा शेअर्ड_पीटीआर या, ऑब्जेक्ट आपोआप नष्ट करणाऱ्या पॉइंटरमध्ये असेल तर त्या पॉइंटरचा स्वतःचा डिस्ट्रक्टर नोएक्सेप्ट आहे, म्हणजे भिंत एक पाऊल मागे सरकली इतकंच. शिवाय बेस क्लासचा व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर नोएक्सेप्ट असेल तर डिराइव्ह्ड क्लासला त्याहून सैल राहता येत नाही. कंपाइलच होणार नाही.

खरा उपाय म्हणजे काम आणि आवराआवर वेगळी करणं. क्लासला ‘क्लोज’ किंवा ‘कमिट’ असं फंक्शन द्या, थ्रो करायचं ते तिथून करा, आणि कॉल करणाऱ्याला ते उघडपणे कॉल करायला लावा. डिस्ट्रक्टरमध्ये ‘अजून क्लोज झालं नसेल तर करून बघ, जमलं नाही तर लॉग टाक आणि गप्प बस’ एवढंच, तेही ट्राय-कॅचमध्ये. कॉल करणाऱ्या सगळ्या जागा बदलाव्या लागतात म्हणून मॅनेजरला हा उपाय आवडत नाही. तरी डेटाबेस कमिटच्या बाबतीत मी याच्याखेरीज दुसरं काही मान्य करणार नाही. कमिट फसला हे ज्याला कळायला हवं त्याला ते डिस्ट्रक्टरमधून कळवायची धड सोयच नाही.

पायरी ५: फंक्शनपुढचे ‘थ्रो(…)’

हे निदान कंपाइल होतानाच ओरडतं. ‘आयएसओ सी++१७ डझ नॉट अलाउ डायनॅमिक एक्सेप्शन स्पेसिफिकेशन्स’ अशी एरर आली म्हणजे फंक्शनपुढे ‘थ्रो(समएरर)’ लिहिलेलं आहे. सी++१७ ने ते काढून टाकलं. कंस रिकामा असलेलं ‘थ्रो()’ मात्र १७ मध्ये चालतं, अर्थ नोएक्सेप्टचाच. सी++२० ने तेही काढलं.

बदल सरळ आहे: कंसात प्रकार असेल तर आख्खं काढा, कंस रिकामा असेल तर नोएक्सेप्ट करा. नवखे लोक फसतात ते ‘शोधा आणि बदला’ वापरून दोन्ही एकसारखे उडवण्यात. एसटीडी::एक्सेप्शनवरून बनवलेल्या क्लासमध्ये ‘व्हॉट’ फंक्शनपुढचं थ्रो() नुसतं पुसलंत तर ‘लूझर एक्सेप्शन स्पेसिफिकेशन’ अशी नवी एरर येईल, कारण बेसमधलं व्हॉट नोएक्सेप्ट आहे. तिथे नोएक्सेप्ट लिहायलाच हवं. याच क्लासच्या डिस्ट्रक्टरपुढे मात्र थ्रो() असेल तर ते बिनधास्त पुसा. सी++९८ मध्ये क्लासात एसटीडी::स्ट्रिंग मेंबर असला की ते लिहावं लागायचं, आता डिस्ट्रक्टर आपणहून नोएक्सेप्ट आहे.

आणखी एक किरकोळ गोष्ट: स्कोप गार्डसारख्या जुन्या क्लासमध्ये ‘अनकॉट_एक्सेप्शन’ वापरलं असेल तर सी++१७ मध्ये ते जुनाट ठरवलं आहे आणि २० मध्ये काढलं आहे. त्याचं अनेकवचनी भावंड ‘अनकॉट_एक्सेप्शन्स’ आकडा परत देतं, बूल नाही. म्हणून नाव बदलताना तुलना पण बदलावी लागते.

पायरी ६: दोन काळांतल्या लायब्ऱ्या एका प्रोसेसमध्ये

आता दुसरी बाजू. तुमचा कोड जीसीसी ११ ने बनवला, पण एखादी ‘.एसओ’ फाइल (शेअर्ड लायब्ररी) व्हेंडरने कधीकाळी ४.८ वर बनवून दिलेली आहे आणि सोर्स तुमच्याकडे नाही.

२०१५ च्या जीसीसी ५ ने एसटीडी::स्ट्रिंग आणि एसटीडी::लिस्टची आतली रचना बदलली. ६४-बिटवर जुनी स्ट्रिंग म्हणजे एक ८ बाइटचा पॉइंटर, नवी ३२ बाइटची. दोन्ही रचना लिब-एसटीडी-सी++ या जीसीसीच्या सी++ लायब्ररीमध्ये शेजारीशेजारी राहतात आणि कुठली वापरायची ते ‘_जीएलआयबीसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय’ हा मॅक्रो ठरवतो. नावात ११ असलं तरी ‘-एसटीडी’ फ्लॅगशी त्याचा संबंध नाही. म्हणूनच पायरी १ मधल्या चाचणीने हा प्रकार हलत नाही.

फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये स्ट्रिंग असेल तर लिंकरच ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून अडवतो. एक्सेप्शनच्या बाबतीत ती राखण नाही. समजा व्हेंडरच्या हेडरमध्ये ‘व्हेंडरएरर’ क्लास आहे, आत ‘मेसेज’ नावाचा स्ट्रिंग मेंबर. लायब्ररी तो जुन्या रचनेने थ्रो करते. तुमचा कॅच क्लासच्या नावावरून त्याला ओळखतो, पकडतोही. ‘ई.व्हॉट()’ कॉल केलंत आणि ते व्हर्च्युअल फंक्शन लायब्ररीतच कंपाइल झालेलं असेल तर मजकूर बरोबर छापला जातो. ‘ई.मेसेज’ थेट वाचलंत तर कचरा येतो किंवा सेगमेंटेशन फॉल्ट. एकाच कॅच ब्लॉकमधली एक ओळ चालते आणि दुसरी मरते, हे बघून माणूस चक्रावतो. रनटाइम_एरर, लॉजिक_एरर यांची आतली रचना जीसीसीने मुद्दाम दोन्हींकडे सारखी ठेवली आहे, त्यामुळे ती इकडून तिकडे सुखरूप जातात. आयओएस_बेस::फेल्युअरचं मात्र जीसीसी ५ ते ७ या काळात हाल होते. जुन्या आणि नव्या दोन्ही कॅचला सापडेल असा प्रकार ८.१ पासून थ्रो होऊ लागला.

तपासायचं कसं: लायब्ररीतली नावं दाखवणारी ‘एनएम -सी’ ही कमांड किंवा डायनॅमिक सिम्बॉलसाठी ‘एनएम -डीसी’ चालवून ‘__सीएक्सएक्स११’ शोधा. स्ट्रिंग वापरणाऱ्या लायब्ररीत हा शब्द कुठेच नसेल तर ती जुन्या रचनेची आहे. मग पर्याय दोनच. व्हेंडरकडून नवीन बिल्ड मागा, किंवा तो मॅक्रो ० करून तुमची बाजू सगळीच्या सगळी जुन्या रचनेवर बांधा. ‘सगळीच्या सगळी’ यात बूस्टसारख्या तिसऱ्यांच्या लायब्ऱ्याही आल्या.

याच पायरीत आणखी एक तपासणी. ‘एलडीडी’ने (प्रोग्रामला कुठल्या लायब्ऱ्या लागतात ते दाखवणारी कमांड) बघा की लिब-एसटीडी-सी++ आणि लिबजीसीसी_एस एकेकदाच लोड होतायत ना. कोणी ‘-स्टॅटिक-लिबजीसीसी’ लावून लायब्ररी बांधली असेल आणि एक्सेप्शन एका लायब्ररीतून दुसऱ्या लायब्ररीत जात असेल तर तो फ्लॅग काढा. अशा वेळी शेअर्ड लिबजीसीसीच वापरा असं जीसीसीचं मॅन्युअलही सांगतं. अपग्रेडच्या निमित्ताने कोणी ‘-एफव्हिजिबिलिटी=हिडन’ आणलं असेल तर एक्सेप्शनचे क्लास एक्सपोर्ट केलेले आहेत का ते बघा, आणि त्यांचा व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर हेडरमध्ये न लिहिता एका .सीपीपी फाइलमध्ये लिहा, म्हणजे टाइपची माहिती एकाच ठिकाणी तयार होते. क्लँगबरोबर लिब-सी++ वापरणाऱ्यांनी हे नक्की करावं. तिथे बऱ्याच प्लॅटफॉर्मवर टाइपची तुलना नावाने नाही, पत्त्याने होते. दोन लायब्ऱ्यांत दोन पत्ते, की कॅच वगळला.

मध्ये सी भाषेचं फंक्शन असेल, उदाहरणार्थ क्यूसॉर्टला दिलेलं कंपॅरेटर, तर त्यातून एक्सेप्शन बाहेर सोडू नका. एक्स८६-६४ वर ते बहुधा आरपार जातं, ३२-बिट आर्मवर बहुधा जात नाही, आणि गेलं तरी मधल्या सी कोडने घेतलेली मेमरी आणि लॉक तसेच राहतात.

पायरी ७: बिल्ड नव्या मशीनवर, चालवायचं जुन्यावर

आरएचईएल ७ वरचा लिब-एसटीडी-सी++ जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.१९ पर्यंत ओळखतो, जीसीसी ११ चा ३.४.२९ पर्यंत, जीसीसी १३.१ चा ३.४.३१ पर्यंत. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही, उलट चालतं. कुठल्यातरी साइटवरून एसओ फाइल उतरवून सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकू नका. पॅकेज मॅनेजरसकट सगळं बिघडू शकतं. ज्या जुन्यात जुन्या सिस्टिमवर चालवायचं आहे तिथेच बांधा, किंवा कंटेनरमधून द्या.

विंडोजवर

व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या १६.३ आवृत्तीपासून ६४-बिट बिल्डमध्ये एक्सेप्शनची नवी यंत्रणा आपोआप लागू झाली. तिच्यासाठी ‘व्हीसीरनटाइम१४०_१.डीएलएल’ ही वेगळी फाइल लागते. तुमच्या मशीनवर चालतं आणि ग्राहकाकडे ही फाइल नाही म्हणून सुरूच होत नाही, अशी तक्रार आली तर इन्स्टॉलरमधला जुना रीडिस्ट्रिब्युटेबल बदला, बस.

‘सी४५३०’ वॉर्निंग दिसली तर ‘/ईएचएससी’ फ्लॅग सुटला आहे. थ्रो होईल, पण मधल्या ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर चालतील याची हमी नाही. फारच जुना प्रोजेक्ट असेल, २००५ च्या आवृत्तीआधीचा, तर त्यातला ‘कॅच ऑल’ नल पॉइंटरसारखे क्रॅशही पकडायचा. नंतर ते फक्त ‘/ईएचए’ दिलं तरच होतं. अपग्रेडनंतर ‘नवे’ क्रॅश दिसू लागले असं अशा प्रोजेक्टमध्ये वाटतं. ते आधीही होतेच, दिसत नव्हते. /ईएचए लावून ते पुन्हा झाकू नका.

अजूनही सुटलं नाही तर

प्रत्येक .एसओ फाइलमधून मुद्दाम एक एक्सेप्शन थ्रो करून मुख्य प्रोग्राममध्ये नेमक्या टाइपने पकडणारी छोटी टेस्ट लिहा आणि ती प्रत्येक बिल्डला चालवा. यात ‘कॅच ऑल’ला हात लागला तर टेस्ट फेल. ‘-डब्ल्यूऑल’ लावलेलं असू द्या. जीसीसी ८ पासून त्यात एक्सेप्शन रेफरन्सऐवजी व्हॅल्यूने पकडल्याचीही वॉर्निंग आहे.

मग ‘-ओ०’ आणि ‘-ओ२’ दोन्हींवर चालवा. फक्त ओ२ वर बिघडत असेल तर आधी आपल्याच कोडमधलं अनडिफाइन्ड बिहेवियर शोधा, ॲड्रेस आणि यूबी सॅनिटायझर लावून. तेही स्वच्छ निघालं, क्लँगवर तोच कोड नीट चालला, आणि पन्नासेक ओळींच्या नमुन्यात बिघाड पुन्हा घडवता आला, तर मग जीसीसीच्या बगझिलावर जा. तिथे ‘जीसीसी -व्ही’चं पूर्ण आउटपुट, वापरलेली कमांड आणि ‘-सेव्ह-टेम्प्स’ने मिळालेली ‘.आयआय’ फाइल मागतात. ती फाइल जोडण्याआधी त्यात कंपनीचा कोड उरला नाही ना, ते टीम लीडला दाखवून घ्या.